बंब सोमेश्वरी

19 मार्च 2024, मंगळवार
वॉचमनकाका म्हणाले, "ताई, तुमच्या गाडीखाली पाणी सांडतंय."
एसीचं असेल, म्हटलं. ते काही बोलले नाहीत.

20 मार्च
एसीचं नाही. सकाळी वाकून पाहिलं. रुपयाएवढा डाग, हिरवट. बोट लावलं. बुळबुळीत. वास गोडसर, खोकल्याच्या औषधासारखा.
ऑफिसला उशीर झाला. दिवसभर बोटाला तो वास.

21 मार्च
बॉनेट उघडलं. अकरा वर्षांत मी स्वतः उघडण्याची ही तिसरी वेळ. खटका सापडायलाच पाच मिनिटं गेली. प्लास्टिकच्या बाटलीवर दोन रेघा, एक वर, एक खाली. पाणी खालच्या रेघेच्याही खाली, दोन बोटं. नळाचं अर्धा तांब्या घातलं.
अ. म्हणाला, "दाखवून घे." म्हटलं, शनिवारी वाईला जाऊन येते, मग बघू.

23 मार्च, शनिवार. वाई
आईच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन दहा दिवस. थेंब चार वेळा घालायचे. ती तीनदाच घालते. "चौथ्याला मी झोपलेली असते," म्हणते. डब्यावर वेळा मोठ्या अक्षरांत लिहून दिल्या.
अंगणात गाडीखाली डाग पडलाच. शेणाने सारवलेल्या जमिनीवर हिरवा दिसत नाही, नुसता ओला दिसतो.

24 मार्च
निघताना पुन्हा अर्धा तांब्या. आई पायरीवर बसून बघत होती.
"काय घालतेस?"
"पाणी."
"पेट्रोलवर चालते ना गं ती?"

25 मार्च. धुळवड
सोसायटीतल्या पोरांनी पार्किंगभर रंग उडवला. गुलाबी, जांभळा, हिरवा. गाडीखाली पाहिलं. आपला हिरवा कुठला ते कळेना. बरं वाटलं, का कोण जाणे.

26 मार्च
पेट्रोल पंपावरून कूलंटचा डबा आणला. गुलाबी मिळाला. आपल्या गाडीत हिरवा. घालायचा की नाही? डब्यावर बारीक अक्षरांत: विषारी, मुलं आणि प्राणी यांच्यापासून दूर ठेवा. चवीला गोड असतो म्हणून जनावरं चाटतात.
काळी माझ्याच गाडीखाली झोपते. दुपारी तिथेच सावली असते.
खाली गेले. काळी नाही. काकांना विचारलं. "कालपासून दिसली नाही."
बादलीभर पाण्याने फरशी धुतली. वर वाळू टाकली.

27 मार्च
रात्री नीट झोप नाही.
काळी पाण्याच्या टाकीमागे सापडली. तीन पिल्लं. एकाचे पाय पांढरे.
सर्व्हिस सेंटरला उद्याची वेळ घेतली.

28 मार्च
शोरूमला लागूनच सर्व्हिस सेंटर. थंडगार. कॉफीचं यंत्र. सुपरवायझर टॅबलेटवर लिहून घेत होता. गाडी वर उचलली, दोघांनी खालून बघितली, तिसऱ्याने बॅटरी मारली. पाच मिनिटं. रेडिएटरची खालची कड ओली आहे म्हणाले.
"रेडिएटर गेला मॅडम. ॲसेंब्ली बदलावी लागेल."
"दुरुस्त नाही होणार?"
"कंपनी ॲलाऊ करत नाही." मग, "सरांना फोन देता का एकदा?"
सर ऑफिसात आहेत, गाडी माझ्या नावावर आहे, म्हटलं.

30 मार्च
बिल.
रेडिएटर 6,500, त्यावर 28 टक्के जीएसटी. कूलंट 1,200, मजुरी 1,800, त्या दोन्हींवर 18 टक्के. एकूण 11,860.
जुना रेडिएटर मागितला. "आम्ही स्क्रॅपला देतो मॅडम." म्हटलं, तो माझा आहे. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीत ठेवला.
अ. म्हणाला, "भिंतीवर लावणार?"
बाल्कनीत तुळशीच्या कुंडीमागे ठेवलाय.

1 एप्रिल
फरशी कोरडी.

2 एप्रिल
कोरडी. काकांनाही दाखवली.

4 एप्रिल
डाग. या वेळी जरा उजवीकडे. रुपया नाही, आठ आणे.
कोणाला सांगितलं नाही.

6 एप्रिल, शनिवार
पुन्हा तोच सुपरवायझर. माझ्याकडे पाहून हसला, नाव विसरला.
"आता वॉटर पंप दिसतोय. रेडिएटर नवीन बसला की प्रेशर वाढतं ना मॅडम, मग पुढचा वीक पार्ट जातो."
हे खरं की खोटं, मला कळण्याचं साधन नाही. मान हलवली.
संध्याकाळी बिल. पंप 3,200, मजुरी 2,600, कूलंट 1,200. करांसह 8,580.
"आठ दिवसांपूर्वी घातलेला कूलंट कुठे गेला?"
"तो ड्रेन करावा लागतो."
"आणि परत?"
"परत वापरत नाही."
जुना पंप मागायचा राहिला.

8 एप्रिल
फरशी कोरडी. कोरडी म्हणजे खरंच कोरडी का, ते दुपारी पुन्हा खाली जाऊन पाहिलं. हे असंच चालायचं बहुतेक.

9 एप्रिल, गुढीपाडवा. रात्री, वाई
गुढी उभारून साडेसातला निघाले. श्रीखंडाचा डबा, साखरेची गाठी, आईचे थेंब. अ.ला सुट्टीतही काम, त्यामुळे एकटीच. शिरवळपर्यंत रस्ता मोकळा. खंडाळा सोडलं आणि रांग लागली. सगळ्या महाराष्ट्राला आजच गावी जायचं होतं.
खंबाटकीत पहिला गियर, दुसरा, पुन्हा पहिला. एसी चालू. पुढे कंटेनर, मागे एसटी. या गाडीला तापमानाचा काटा नाही. इंजिन थंड असलं की निळा दिवा, तापलं की लाल. मधलं काही कळत नाही.
लाल लागला. गाडी लगेच बाजूला घेतली. खामजाईच्या देवळाजवळ.
बॉनेटच्या फटीतून वाफ. फुस्स असा आवाज. शेजारी आणखी चार-पाच गाड्या तशाच, जबडे उघडून उभ्या. एका गृहस्थांनी टोपणावर नॅपकिन धरून पिळलं. कारंजं उडालं. हात कोपरापर्यंत लाल. बायको ओरडत होती. एका ट्रक ड्रायव्हरने कॅन आणला, त्यांच्या हातावर पाणी धरलं, मग माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, तुम्ही हात लावू नका. अर्धा तास जाऊ द्या."
चाळीस मिनिटं थांबले. देवीला नमस्कार केला. त्याच कॅनमधलं तीन लिटर पाणी हळूहळू घातलं. इंजिन सुरू झालं, पण खोकत. मागून पांढरा धूर. एक किलोमीटर गेले नसेन, पुन्हा लाल.
टोचनवाला 2,500. सुरूरच्या अलीकडे एका गॅरेजवर सोडलं. सणाचा दिवस, गॅरेज बंद, पण मेस्त्रींचं घर मागेच. पुरणाची पोळी खाता खाता उठून आले. बॉनेटवर हात ठेवला, काढला. "उद्या बघू ताई. आज तिला गार पडू द्या."
वडापने वाईला. श्रीखंड पातळ झालं होतं.
आईने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "बंबात पाणी आहे का बघितल्याशिवाय विस्तव घालायचा नाही, हे तुला सहा वर्षांची असताना सांगितलं होतं."

10 एप्रिल
गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, चिंचेचं झाड, एक लोखंडी हौद. मेस्त्री साठीचे. चष्मा दोऱ्याने बांधलेला.
त्यांनी सायकलच्या पंपासारखा एक हातपंप आणला. वर घड्याळ, म्हणजे दाबाचा काटा. टोपणाच्या जागी तो बसवला आणि मारायला लागले. काटा एकवर नेला. इंजिन बंद, सगळं गार.
"आता बोलायचं न्हाई. बघायचं."
काटा उतरायला लागला. बॅटरी घेऊन ते एअर फिल्टरच्या खाली शिरले. मला बोलावलं. "हितं बघा."
काळ्या प्लास्टिकचा तुकडा, मुठीएवढा. थर्मोस्टॅट ज्यात बसतो ती हाउसिंग. तिच्यावर केसासारखी रेघ. रेघेतून हिरवा धागा निघत होता, अगदी सुईत ओवता येईल इतका बारीक. तिथून गियरबॉक्सवर, तिथून खाली. पंख्याच्या वाऱ्याने थोडं उडून रेडिएटरच्या कडेवर.
"केवढ्याची येते?"
"सहाशे ऐंशी."
मी मोबाईलवर दोन्ही बिलं काढली, बघितली, परत ठेवली.
मेस्त्री बोलत होते. पाणी शंभरला उकळतं, घाटमाथ्यावर जरा आधीच. कूलंट मिसळलेलं, टोपण घट्ट, दाब धरलेला, मग सव्वाशेपर्यंत दम धरतं. बारीक फट पडली की दाब राहत न्हाई. दाब गेला की दम गेला. "थेंब किती पडला ते लोक बघतात ताई. दाब गेला ते बघत न्हाईत."
मग तेलाचं टोपण उघडलं. आतून पिवळट फेस, दुधाच्या चहावर येतो तसा.
"तेलात पाणी मिसळलंय. गॅसकेट उडालं. हेड उघडायला लागणार."

10 एप्रिल, रात्री
सर्व्हिस सेंटरला फोन केला. इंजिन उघडायचं तर 65 ते 70 हजार, गाडी पुण्याला आणायचा खर्च वेगळा. "बाहेर उघडलंत तर आमची जबाबदारी नाही."
आतापर्यंत कुठली होती, हे विचारायचं सुचलं फोन ठेवल्यावर.
अ. म्हणतो, रस्त्याकडेच्या मेस्त्रीला इंजिन उघडू देणं म्हणजे जुगार. असेल. पण त्याने तो पंप लावला.
आईला सांगितलं, गळत होतं एकीकडे, बदललं भलतंच. तिने डोळ्याला फडकं लावलेलं होतं, ते न काढताच म्हणाली, "आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी."

12 एप्रिल. पुणे
बसने ऑफिस. दोन बस सोडाव्या लागल्या. गाडी नसली की मोकळी जागा किती मोठी दिसते. काळी पिल्लांना घेऊन तिथे ऐसपैस पडली आहे.

13 एप्रिल
विमा एजंटला फोन. पॉलिसीत इंजिनासाठी जादा पैसे भरलेत, आठवत होतं.
"ते पावसाचं पाणी इंजिनात शिरलं तर मॅडम."
"इथे पाणी इंजिनातून गेलंय."
"ते झीज-बिघाडात येतं. त्याचा क्लेम नाही."

14 एप्रिल
मेस्त्रींचा फोन. जुना रेडिएटर आहे म्हणाला होतात ना, घेऊन या जमलं तर, बघू. का, ते सांगितलं नाही.

15 एप्रिल, सोमवार
रजा टाकली. रेडिएटर बारदानात घालून स्वारगेट. वाई गाडीत कंडक्टर म्हणाला, "यात काय?"
"रेडिएटर."
"कुणाचा?"
"माझा."
त्याने माझ्याकडे पाहिलं, पोत्याकडे पाहिलं. "बायकांना अर्धं तिकीट. हा पुरुष असेल तर पूर्ण लागेल." पुढचे दोन बाक हसले. मीही. आठवड्याभरात पहिल्यांदा.
गॅरेजवर मेस्त्रींनी रेडिएटरच्या दोन्ही तोंडांना रबरी बुच्चं मारली, हवा भरली, हौदात बुडवला. पंक्चर बघतात तसा. आम्ही तिघं वाकून बघत होतो, मी, ते, त्यांचा पोऱ्या.
एक बुडबुडा नाही. उलटा केला. नाही. कडा धरून पाच मिनिटं दाबून ठेवला. पाणी काचेसारखं.
मेस्त्रींनी तो बाहेर काढून चिंचेला टेकवला. हात पुसले. "ह्यो अजून चार-पाच वर्षं सहज गेला असता."
मग बराच वेळ पितळी रेडिएटरविषयी. पूर्वी जाळी पितळेची असायची, गळली की डाग द्यायचा, वर्षानुवर्षं चालायची. आता जाळी ॲल्युमिनियमची, टाक्या प्लास्टिकच्या. डाग बसत न्हाई. म्हणून आता कोणी शोधत न्हाई, बदलतात.
मुक्काम वाईला. आईने विचारलं, "आपल्या बंबाला तळाशी डाग दिला होता, आठवतंय?" आठवत नाही. ती म्हणाली, तू शाळेत होतीस. माळ्यावर अजून आहे.

16 एप्रिल
आई थेंब आता चार वेळा घालते. चौथ्याला घड्याळाचा गजर लावते. मी सांगून ऐकलं नव्हतं. शेजारच्या काकूंनी सांगितलं, ऐकलं.

18 एप्रिल
मेस्त्रींनी फोटो पाठवला. उघडं इंजिन. चार भोकं. आपल्या गाडीच्या आत असं असतं हे माहीत नव्हतं. नको ते पाहिल्यासारखं वाटलं.
मग फोन. हेडवर पोलादी पट्टी आडवी ठेवली, खालून गेज सरकवून बघितला. कडेला बसत नाही. मधे जातो. हेड ॲल्युमिनियमचं, फार तापलं की वाकतं. साताऱ्याला लेथवर फेसिंगला पाठवतोय.
"ताई, एक विचारू का? दिवा लागल्यावर किती चालली गाडी?"
"लगेच थांबवली."
ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. "बरं," म्हणाले.

19 एप्रिल
9 तारखेचं पान काढून वाचलं. "गाडी लगेच बाजूला घेतली." अ.ला हेच सांगितलं. आईला हेच. मेस्त्रींना दोनदा.
खोडत नाही. तसंच राहू दे.
खरं असं. दिवा लागला तेव्हा वळण होतं. मागे एसटी, हॉर्न. बाजूला कठडा, थांबायला जागा कमी होती, पण होती. एक दुचाकीवाला तिथे थांबून पाणी पीत होता. वाटलं, माथा जवळ आला. वाटलं, इतक्या वर्षांत काही झालं नाही. वाटलं, नुकते वीस हजार घातलेत, दिवाच बिघडला असेल. किलोमीटरच्या आकड्यावर नजर गेली होती. 68.4. देवळापाशी थांबले तेव्हा 70.9.
अडीच किलोमीटर. त्या गर्दीत दहा मिनिटं. एसीसुद्धा बंद केला नाही.

20 एप्रिल
अ.ला सांगितलं. "मीही तेच केलं असतं," म्हणाला. तसा बरा आहे. उपयोग झाला नाही.

22 एप्रिल
पुण्यात ऊन चाळिशीला टेकलंय. काळीचं पांढऱ्या पायांचं पिल्लू दुसऱ्या मजल्यावरच्यांनी घरात घेतलं.

24 एप्रिल, बुधवार
गाडी आणायला गेले. काम थोडं शिल्लक होतं. बसून बघितलं.
नवा थर्मोस्टॅट बसवायच्या आधी मेस्त्रींनी पातेल्यात पाणी तापवलं, त्यात सोडला. पाणी खळखळायच्या बऱ्याच आधी मधली चकती हळूच वर आली. "ऐंशीच्या पुढं उघडतो ह्यो. न्हाई उघडला तर काय उपेग?" काही गॅरेजवाले कटकट नको म्हणून तो काढूनच टाकतात म्हणे. मग इंजिन लवकर तापत नाही, पेट्रोल जास्त खातं.
हेडचे बोल्ट नवीन. जुने ताणलेले असतात, पुन्हा वापरायचे नाहीत. आवळायला मधून सुरुवात, मग एक इकडचा, एक तिकडचा, बाहेर बाहेर. एका दमात नाही. तीन फेऱ्या. कडेपासून आवळलं तर मधे फुगतं.
मी म्हटलं, "मेस्त्री, लगेच नव्हती थांबवली. अडीच किलोमीटर."
"माहीत हाय," ते म्हणाले. पान्हा थांबला नाही. "हेड सांगतं."
मग म्हणाले, पुढच्या खेपेला दिवा लागला तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, काचा खाली. हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच. उष्णता आत ओढतो. घाम फुटंल, पण थांबायला जागा मिळेस्तोवर इंजिन वाचंल. जागा मिळाली की थांबायचं.
गुलाबी कूलंटचंही विचारलं. म्हणाले, रंग नुसता रंग असतो. आत काय मिसळलंय ते बघायचं, गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. दोन जातींचं एकत्र करायचं न्हाई, आत गाळ धरतो.
गाडीच्या पुस्तकाचं प्लास्टिक मी आज फोडलं.

26 एप्रिल
हिशोब.
हाउसिंग 680
थर्मोस्टॅट 750
गॅसकेट सेट 2,900
हेड बोल्ट 1,150
फेसिंग, साताऱ्याचं 2,200
तेल आणि फिल्टर 2,100
कूलंट 900
मजुरी 6,500
टोचन 2,500
एकूण 19,680.
सर्व्हिस सेंटरची दोन बिलं मिळून 20,440.
सगळे 40,120.
सगळ्यात वरचा आकडा पुन्हा पाहिला.

28 एप्रिल, रविवार
सर्व्हिस सेंटरच्या मॅनेजरना पत्र लिहायला बसले. दाबाची चाचणी न करता निदान केले. चांगला रेडिएटर बदलला, पुरावा माझ्याकडे आहे. मूळ गळती तशीच राहिली. 9 एप्रिल रोजी घाटात गाडी तापली, मी तत्काळ

इथे थांबले. चहा केला.

"तत्काळ" खोडलं. "इशारा दिसल्यानंतर सुमारे अडीच किलोमीटर चालवून" असं लिहिलं. अ. म्हणाला, वेडी आहेस का, ते हेच धरून बसतील. बसू देत. मागणी 40,120 ची होती, ती 20,440 केली. हेडचे पैसे माझे.

29 एप्रिल
रजिस्टर पोस्टाने पाठवलं. पोचपावतीसह.

4 मे
पोचपावती आली. उत्तर नाही.

13 मे
मतदान. शाळेपर्यंत चालत. रांगेत पुढच्या बाई सांगत होत्या, गाडीत पाणी कमी होतंय, टॉपअप करते अधूनमधून. मी ओळख नसताना बोलले. रांग पुढे सरकेपर्यंत बोलत होते. त्यांनी शेवटी विचारलं, "तुमचं गॅरेज आहे का?"

21 मे
उत्तर आलं. "तपासणीच्या वेळी आढळलेल्या स्थितीनुसार केलेले काम योग्य होते. ग्राहकाने इशाऱ्याकडे दुर्लक्ष करून वाहन चालवल्याचे स्वतः मान्य केले आहे." सोबत मोफत वॉशिंगचं कूपन, 30 जूनपर्यंत वैध.
अ. काही म्हणाला नाही. म्हणायला हवं होतं.

22 मे
1915 ला फोन. ग्राहक हेल्पलाइन. बाई मराठीत बोलल्या, शांतपणे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. बिलं, पत्र, पोचपावती जपून ठेवा.
"जुना पार्ट आहे का?"
आहे.

1 जून
तक्रार दाखल. मेस्त्रींनी लिहून दिलं: दाब देऊन पाण्यात तपासला, गळती आढळली नाही. खाली सही, तारीख. आधी नको म्हणत होते. "माझा कागद कोण धरतंय ताई?" मी म्हटलं, मी धरते.
अडीच किलोमीटर तक्रारीतही लिहिले आहेत.

5 जून
सर्व्हिस सेंटरचा फोन. दोन्ही मजुऱ्या परत करायची तयारी आहे, 5,192. तक्रार मागे घ्या. सुपरवायझर नव्हता, मॅनेजर स्वतः. "सरांशी बोलून कळवा."
कळवलं. मीच. नाही म्हणून.

9 जून, रविवार
रात्रभर पाऊस. सकाळी गाडीखाली पाणी. चप्पल न घालताच खाली धावले. वाकून बोट लावलं. वास नाही, चिकट नाही. रस्त्यावरचं वाहत आलेलं.
काळी तिच्या उरलेल्या दोन पिल्लांसह जिन्याखाली. माझ्याकडे बघत होती.

14 जून
आईच्या डोळ्याला नवा चष्मा. फोनवर म्हणाली, माळ्यावरचा बंब खाली काढायला लावला. तळाचा डाग अजून धरून आहे. पाणी भरून रात्रभर ठेवला, थेंब नाही.

15 जून, शनिवार
वाईला निघण्याआधी, इंजिन थंड असताना, बाटली पाहिली. पाणी वरच्या रेघेच्या बोटभर खाली. गेल्या शनिवारी होतं तिथेच.
खंबाटकी चढायला बावीस मिनिटं लागली. दिवा लागला नाही.